दंतरोपणाची अचूकता : मिलिमीटरचा हिशेब आणि वाराणसीपुढील प्रश्न

वाराणसी : पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभा करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच दंतरोपण, आता केवळ महानगरांपुरती राहिलेली नाही. वाराणसीत लंका, सिगरा, भेलूपूर या भागांतील दंतवैद्यांच्या फलकांवर ‘इम्प्लांट’ हा शब्द ठळकपणे दिसतो. पूर्व उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांतून आणि लगतच्या बिहारमधून उपचारांसाठी या शहरात येणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. संगणकाच्या साहाय्याने ‘अचूक’ रोपण करून देण्याचे आश्वासन देशभरातील जाहिरातींत सर्रास आढळते. मात्र ही अचूकता नेमकी किती, ती कोणी मोजली आणि चुकीचे प्रमाण शून्य नसेल तर उरलेल्या चुकीचा भार कोणावर पडतो, या प्रश्नांची चर्चा क्वचितच होते.

गेल्या दोन दशकांतील संशोधनातून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. त्रिमितीय क्ष-किरण प्रतिमा, संगणकीय आराखडा आणि त्याबरहुकूम छापलेला मार्गदर्शक साचा यांमुळे स्क्रूचा कल चुकण्याचे सरासरी प्रमाण मोकळ्या हाताने केलेल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत निम्म्यावर येऊ शकते. पण चूक नाहीशी होत नाही. ती एका हातून अनेक टप्प्यांत विभागली जाते. त्यामुळे अचूकता वाढवण्याचा प्रश्न यंत्रखरेदीइतकाच पडताळणीच्या व्यवस्थेचा आहे. वाराणसीसारख्या शहरात, जेथे पान आणि तंबाखूच्या सवयींमुळे रुग्णांची तोंडेच नीट उघडत नाहीत, तेथे हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

दोन मिलिमीटरची सीमा

आधुनिक दंतरोपणाचा पाया स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंग्वर ब्रोनेमार्क यांनी घातला. १९५०च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना टायटॅनियम हाडाशी घट्ट एकजीव होते, असे त्यांच्या लक्षात आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर हे तंत्र वापरले. त्या काळात स्क्रू हाडात पक्का बसणे हेच यश मानले जाई. खालच्या जबड्यासाठी सुमारे तीन आणि वरच्यासाठी सुमारे सहा महिने वाट पाहून मगच वर दात बसवला जाई. आज स्क्रू हाडात टिकण्याचे प्रमाण चांगले आहे. म्हणूनच तो कोठे आणि कोणत्या कलाने बसला, याला महत्त्व आले आहे.

सर्वसाधारण स्क्रूची जाडी तीन ते पाच मिलिमीटर आणि लांबी आठ ते तेरा मिलिमीटर असते. खालच्या जबड्यातील दाढांखालून ओठ व हनुवटीला संवेदना देणारी नस एका अरुंद नळीतून जाते. तिला धक्का लागल्यास ओठ बधिर होतो, चहा पिताना तो ओघळलेला कळत नाही आणि काहींच्या बाबतीत ही अवस्था कायमची राहते. वरच्या जबड्यात नाकालगतची हवेची पोकळी जवळ असते. खालच्या जबड्याच्या पुढील भागात आतली भिंत फुटली, तर जिभेखाली रक्तस्राव होऊन श्वासमार्ग धोक्यात येऊ शकतो. या कारणांमुळे नसेपासून किमान दोन मिलिमीटर अंतर राखण्याचा संकेत रूढ झाला आहे. शेजारच्या दातापासून दीड आणि दोन स्क्रूंमध्ये तीन मिलिमीटर अंतरही आवश्यक मानले जाते.

हे दोन मिलिमीटर कागदावर पुरेसे वाटले, तरी ते लवकर खर्ची पडतात. हाडाला छिद्र पाडणाऱ्या ड्रिलचे टोक अनेकदा स्क्रूपेक्षा थोडे अधिक खोल जाते. प्रतिमेतील अंधुकपणा त्यात काही दशांशांची भर घालतो. हात किंचित कलला, तर उरलेली जागाही संपते.

अचूकतेचा संबंध केवळ अपघात टाळण्याशी नाही. स्क्रू कलता बसला तर वरच्या दाताचा आकार बिघडतो, त्याखाली अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही आणि काही वर्षांनी स्क्रूभोवतीची हिरडी व हाड झिजू लागते. अशी चूक शस्त्रक्रियेच्या दिवशी दिसत नाही. ती उमगते तोवर रुग्णाचे पैसे आणि हाड दोन्ही गेलेले असते.

आकडे काय सांगतात

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात मार्गदर्शक साच्याच्या आधारे बसवलेल्या दोन हजारांहून अधिक स्क्रूंचा एकत्रित अभ्यास करण्यात आला. आराखडा आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील सरासरी फरक हाडात शिरण्याच्या बिंदूपाशी १.२ मिलिमीटर, स्क्रूच्या टोकापाशी १.४ मिलिमीटर आणि कलामध्ये ३.५ अंश इतका आढळला. दोन मिलिमीटरचे सुरक्षित अंतर राखण्याचा आग्रह यातूनच पक्का झाला.

बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मोकळ्या हाताने आणि साच्याच्या साहाय्याने केलेल्या रोपणाची थेट तुलना केली. मोकळ्या हाताने केलेल्या शस्त्रक्रियेत कलाची सरासरी चूक सुमारे सात अंश होती; साच्यामुळे ती सुमारे तीन अंशांवर आली. टोकापाशी असलेला सुमारे दोन मिलिमीटरचा फरक १.३ मिलिमीटरपर्यंत घटला. त्याच विद्यापीठातील दुसऱ्या अभ्यासात साचा आणि डायनॅमिक नेव्हिगेशन, म्हणजे शस्त्रक्रिया सुरू असताना ड्रिलची जागा पडद्यावर दाखवणारी प्रणाली, यांची तुलना झाली. दोन्हींतील चूक जवळपास सारखीच निघाली.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ही सरासरी आहे. सरासरी १.४ मिलिमीटर असेल, तर काही रुग्णांमध्ये फरक अर्ध्या मिलिमीटरचा आणि काहींमध्ये दोन मिलिमीटरपेक्षा अधिक असणार. शिवाय असे अभ्यास बहुधा विद्यापीठीय रुग्णालयांत, अनुभवी हातांनी आणि निवडक रुग्णांवर झालेले असतात. गल्लीतील दवाखान्यात तेच उपकरण आणले म्हणून तोच निकाल मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

साखळीतील प्रत्येक कडी

साच्याच्या साहाय्याने होणाऱ्या रोपणात पहिली पायरी सीबीसीटी या त्रिमितीय क्ष-किरण प्रतिमेची. १९९०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतून पुढे आलेल्या या तंत्रामुळे जबड्याचा छेद कमी किरणोत्सर्गात पाहता येऊ लागला. पण प्रतिमा काढताना रुग्ण किंचित हलला किंवा तोंडात आधीच्या धातूच्या कॅप असल्या, तर चित्रात रेषा आणि सावल्या उमटतात.

दुसरी पायरी दात व हिरड्यांच्या डिजिटल मापाची. हे माप आणि हाडाची प्रतिमा संगणकावर एकमेकांवर नेमकी बसवावी लागते. तोंडात दात कमी उरले असतील, तर जुळवणीसाठी खुणाच कमी पडतात आणि येथे शिरलेली चूक पुढे प्रत्येक टप्प्यावर वाहत जाते. त्यानंतर आराखडा, मग साच्याची छपाई, त्याचे निर्जंतुकीकरण, तोंडातील बसवणूक आणि शेवटी ड्रिल. साच्यातील नळी आणि ड्रिल यांच्यात फिरण्यापुरती फट ठेवावीच लागते. त्या फटीएवढा कल शिल्लक राहतोच.

साचा कशावर टेकतो, हेही निर्णायक ठरते. दोन्ही बाजूंच्या पक्क्या दातांवर टेकलेला साचा स्थिर राहतो. शेवटची दाढ गेलेल्या ठिकाणी त्याला मागे आधार नसतो आणि तो दाबाखाली वाकतो. पूर्ण बोळक्या तोंडात तो मऊ हिरडीवर तरंगतो. म्हणजे ज्या वृद्ध रुग्णाला या तंत्राची सर्वाधिक गरज, त्याच्याच तोंडात त्याची अचूकता कमी होते.

आणखी एक धोका उष्णतेचा आहे. हाडाचे तापमान सुमारे ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिट राहिले, तरी त्याला इजा पोहोचते, असे १९८०च्या दशकातील संशोधनाने दाखवले. ड्रिल थंड ठेवणारे पाणी साच्यामुळे अडू शकते. अशा वेळी जागा अचूक, पण हाड मात्र भाजलेले, असा विपरीत परिणाम संभवतो.

पान, तंबाखू आणि न उघडणारे तोंड

वाराणसीच्या संदर्भात या तांत्रिक चर्चेला सामाजिक बाजू आहे. २०१६-१७ मधील राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार उत्तर प्रदेशातील सुमारे २९ टक्के प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखूचे सेवन करत होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. बनारसी पानाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या शहराच्या ओळखीत पानाचे स्थान मोठे आहे. पान असो, गुटखा असो वा विदर्भातील खर्रा, त्यातील सुपारीच्या दीर्घ सेवनाने गालांच्या आतील अस्तर घट्ट व तंतुमय होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते.

निरोगी प्रौढाचे तोंड साधारण चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. साच्यातून वापरायचे ड्रिल नेहमीच्या ड्रिलपेक्षा लांब असते आणि साच्याची उंची त्यात मिळते. तोंड पुरेसे उघडत नसेल, तर मागच्या दाढेच्या जागी हे साहित्य सरळ आत नेताच येत नाही. ड्रिल तिरके धरावे लागते किंवा साचा बाजूला ठेवून मोकळ्या हाताने काम पूर्ण करावे लागते. परदेशातील अभ्यासांवर आधारलेली अचूकतेची ग्वाही येथे लंगडी पडते. तोंडात साचा न घालता ड्रिलचा माग दाखवणारी नेव्हिगेशन प्रणाली अशा रुग्णांत अधिक उपयोगी पडू शकते. पण तिची किंमत आणि तिच्यासाठी लागणारा सराव दोन्ही जास्त आहेत.

याच रुग्णांमध्ये मधुमेहाचे आणि हिरड्यांच्या विकारांचे ओझेही असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज वर्तवला. साखर आटोक्यात नसेल आणि तंबाखू सुटली नसेल, तर योग्य जागी बसलेला स्क्रूही टिकेलच असे नाही.

लांब स्क्रू, वाढती चूक

अचूकतेचा सर्वांत कठीण कस लागतो तो जबडा गमावलेल्या रुग्णांमध्ये. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण देशात नोंदवले गेले. महाराष्ट्र सर्वाधिक बाधित राज्यांपैकी एक होते. पूर्वांचलातील अनेक रुग्णांवर काशी हिंदू विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार झाले. अनेकांचा जीव वाचवण्यासाठी वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला.

वरच्या जबड्याचे हाडच उरले नाही, तर गालाच्या हाडात आधार घेणारे लांब स्क्रू हा एक पर्याय असतो. त्यांची लांबी तीन ते पाच सेंटिमीटर असते आणि त्यांचे टोक डोळ्याच्या खोबणीजवळ पोहोचते. येथे कलाचा हिशेब बदलतो. दहा मिलिमीटरच्या स्क्रूमध्ये साडेतीन अंशांचा कल टोकाशी सुमारे ०.६ मिलिमीटरचा फरक पाडतो. ४५ मिलिमीटरच्या स्क्रूमध्ये तोच कल पावणेतीन मिलिमीटरपर्यंत जातो. नेहमीच्या दातासाठी समाधानकारक असलेली अचूकता येथे अपुरी ठरते.

मुखकर्करोगाच्या रुग्णांची स्थितीही वेगळी नाही. टाटा स्मारक केंद्राच्या अखत्यारीतील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र २०१९ पासून वाराणसीत कार्यरत असल्याने या भागातील रुग्णांना मुंबई गाठण्याची गरज कमी झाली आहे. जबडा काढून पायाच्या हाडाने त्याची पुनर्बांधणी केल्यावर मूळ शरीररचनेच्या खुणा पुसल्या जातात. किरणोपचार झाले असतील, तर हाडाची भरून येण्याची क्षमता घटते. दुसऱ्यांदा छिद्र पाडण्याची संधी तेथे नसते. अशा रुग्णाला पुन्हा चावता-बोलता येणे हा सौंदर्याचा विषय नसून पुनर्वसनाचा आहे.

यंत्रमानवाचे आकर्षण

अमेरिकेत २०१६ च्या अखेरीस दंतरोपणात साहाय्य करणाऱ्या यंत्रमानव प्रणालीला अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. चीनमधील शिआन शहरात सप्टेंबर २०१७ मध्ये एका यंत्रमानवाने दंतवैद्यांच्या देखरेखीखाली, पण त्यांचा हात न लागता, एका महिलेच्या तोंडात दोन स्क्रू बसवले. त्या वेळी चूक ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या दरम्यान असल्याचे सांगण्यात आले.

हे आकडे आकर्षक आहेत. परंतु यंत्रमानव आराखड्याचे पालन करतो. आराखडा योग्य आहे की नाही, हे तो ठरवत नाही. प्रतिमा धूसर असेल, नसेची नळी चुकीच्या जागी आखली असेल किंवा वरच्या दाताचा विचार न करता केवळ हाड मिळेल तेथे स्क्रू योजला असेल, तर यंत्र ती चूकही तितक्याच काटेकोरपणे अमलात आणेल. भारतातील बहुतांश दवाखान्यांना अशा यंत्राचा खर्च परवडणारा नाही. साच्याचे तंत्र मात्र छपाईयंत्रे स्वस्त होत असल्याने आवाक्यात येत आहे. त्यामुळे नजीकच्या काळात देशातील बहुसंख्य रुग्णांच्या दृष्टीने मोकळा हात आणि साचा यांतील अंतर अधिक महत्त्वाचे राहील.

सरावाची जुनी परंपरा

या ठिकाणी काशीचाच एक संदर्भ उपयुक्त ठरतो. परंपरेनुसार सुश्रुताने शल्यविद्या काशीराज दिवोदास धन्वंतरीकडून मिळवली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्या’ म्हणजे सरावावर स्वतंत्र अध्याय आहे. शास्त्र पाठ असले तरी हाताने सराव न केलेला शिष्य शस्त्रकर्मास पात्र नाही, अशी त्यात भूमिका आहे. कापण्याचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर, तर ओढून काढण्याच्या क्रियेचा सराव मृत पशूंच्या दातांवरही करावा, असे त्यात सांगितले आहे.

दंतरोपणाच्या आजच्या प्रशिक्षणात या तत्त्वाला मोठा वाव आहे. रुग्णाच्याच प्रतिमेवरून त्याच्या जबड्याची प्रतिकृती छापून शस्त्रक्रियेपूर्वी तिच्यावर सराव करणे आता शक्य आहे. नेव्हिगेशन प्रणालीत डोळे पडद्यावर आणि हात तोंडात, असा समन्वय साधावा लागतो. तो पहिल्याच रुग्णावर साधत नाही. अल्पकालीन शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन थेट रुग्णापर्यंत जाण्याचा मार्ग म्हणूनच जोखमीचा ठरतो. साचा वापरणाऱ्यालाही मोकळ्या हाताने काम येणे आवश्यक आहे, कारण साचा फुटला किंवा हलला, तर पुढचा निर्णय त्याच क्षणी घ्यावा लागतो.

पडताळणीचा कमी खर्चाचा मार्ग

अचूकता वाढवायची तर ती आधी मोजावी लागते. आतापर्यंत त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सीबीसीटी काढून ती आराखड्याशी ताडून पाहिली जाई. केवळ मोजमापासाठी प्रत्येक रुग्णाला पुन्हा किरणोत्सर्ग देणे मात्र समर्थनीय नाही. त्यामुळे बहुसंख्य दवाखान्यांत हा हिशेब होतच नाही आणि दंतवैद्याला स्वतःच्या हाताचा नेहमीचा कल कोणत्या बाजूला जातो, हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

यावर तोडगा उपलब्ध आहे. वरचा दात तयार करण्यासाठी स्क्रूवर एक छोटी खूणपट्टी बसवून तोंडाचे डिजिटल माप अनेक ठिकाणी घेतलेच जाते. तेच माप मूळ आराखड्याशी जुळवले, तर किरणोत्सर्गाविना स्क्रूची जागा आणि कल किती चुकला, हे समजते. रुग्णाला अतिरिक्त भेट द्यावी लागत नाही. गरज असते ती नोंद जपण्याची आणि चूक मान्य करण्याच्या शिस्तीची.

काशी हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेत दंतविज्ञान विद्याशाखा आहे. त्याच परिसरात भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. प्रतिमाविश्लेषण, छपाई आणि दंतशल्यविद्या हे तिन्ही विषय चालण्याच्या अंतरावर असलेली अशी ठिकाणे देशात मोजकीच आहेत. मर्यादित तोंड उघडणाऱ्या भारतीय रुग्णांमध्ये कोणते तंत्र किती अचूक ठरते, याचे उत्तर बँकॉक किंवा शिआनकडून मिळणार नाही. ते वाराणसीत, नागपुरात आणि मुंबईतच शोधावे लागेल. नागपूर, मुंबई व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांनाही अशा सामायिक नोंदवहीत सहभागी होता येईल.

नियमन आणि खर्च

वैद्यकीय उपकरणे नियम २०१७ आणि त्यानंतर २०२० मध्ये सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आणण्याच्या निर्णयामुळे स्क्रूसारख्या वस्तूंच्या गुणवत्तेवर नियंत्रणाची चौकट तयार झाली. क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. मात्र वस्तू आणि यंत्र यांवर नियंत्रण असले, तरी ती वापरून प्रत्यक्षात मिळालेल्या निकालाची नोंद हा दुवा कच्चाच आहे. नव्या आयोगाला रोपणासाठी किमान प्रशिक्षण आणि नोंदींचे निकष ठरवता येतील.

खर्चाचा प्रश्न त्याहून बिकट आहे. आयुष्मान भारत योजनेचा भर रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांवर आहे; नेहमीचे दंतोपचार तिच्या कक्षेबाहेर राहतात. एका दातासाठी हजारो रुपये स्वतःच्या खिशातून भरणारा शेतकरी किंवा विणकर साच्याचा वाढीव खर्च टाळू पाहतो आणि दवाखानाही कमी दराच्या स्पर्धेत तो टप्पा गाळतो. एखाद्या दातासाठी, पुरेसे हाड असताना आणि नस दूर असताना, अनुभवी दंतवैद्याने मोकळ्या हाताने केलेले रोपण चालू शकते. नसेजवळ, अनेक दातांसाठी किंवा शस्त्रक्रिया झालेल्या जबड्यात मात्र ही काटकसर महागात पडते. सरसकट आग्रह किंवा सरसकट नकार, यांपैकी काहीही रुग्णाच्या हिताचे नाही.

तोवर रुग्णाच्या हाती काही साधे प्रश्न उरतात. त्रिमितीय प्रतिमा काढली आहे का आणि नसेपासून किती अंतर ठेवले आहे? आराखडा दाताच्या अपेक्षित जागेवरून आखला आहे की केवळ उपलब्ध हाडावरून? स्क्रूची कंपनी, जाडी व लांबी यांची लेखी नोंद मिळेल का? शस्त्रक्रियेनंतर जागा ताडून पाहिली जाईल का? औषधांचा अंमल उतरल्यावरही ओठ बधिर राहिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दंतवैद्याशी संपर्क साधणे आवश्यक असते; स्क्रू वेळीच मागे घेतल्यास नस वाचण्याची शक्यता वाढते.

सार्वजनिक रुग्णालयांनी या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देण्यास सुरुवात केली, तर खासगी दवाखान्यांनाही तो मापदंड टाळणे कठीण जाईल. त्यासाठी लागणारी मापे आजही घेतली जातात. दात बसल्यावर ती टाकून न देता जपणे, ही पहिली पायरी ठरू शकते.